दोन मिलिमीटरनंतर

भाचीने पेट्री डिश उलटी केली आणि आतला टिपकागद कोंबांसकट कचऱ्याच्या डब्यात गेला. "झालं मोजून," म्हणत तिने वहीत तारीख टाकली आणि डिश नळाखाली विसळायला घेतली. त्या कागदावर सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या पठारावरच्या, गवतांचं बी होतं, कुसळीचं आणि आणखी दोन-तीन जातींचं. काहींची मुळं कागदाच्या कडेपर्यंत पोचलेली, काहींना पोपटी टोक फुटलेलं. मे महिनाभर कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी माझ्या फडताळाचा वरचा कप्पा तिने अडवून ठेवला होता, लोणच्याच्या बरण्या खाली उतरवून. जागा मोकळी झाल्याचं मला बरं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण रात्री भांडी आवरताना डब्याचं झाकण उचललं, तर चहाच्या चोथ्यावर पडलेला तो कागद अजून ओला होता आणि त्याच्या घडीतून एक कोंब काटकोनात वळून उभा राहिला होता. वर कुठे आहे हे त्याने बंद डब्यात, आडवं पडल्या पडल्या, दुपारपासून रात्रीपर्यंत शोधून काढलं होतं.

"पुढे काय होतं गं यांचं?" मी विचारलं.

"पुढे म्हणजे? उगवण झाली ना. मूळ दोन मिलिमीटर बाहेर दिसलं की बी उगवलं असं धरतात. शंभरातली किती उगवली, मूळ किती, कोंब किती, एवढंच लिहायचं. पुढचं त्यात येत नाही, मावशी."

तिचं काही चुकत नव्हतं. बी तपासायचं तर कुठेतरी रेघ मारावीच लागते, आणि मूळ डोळ्यांना दिसलं की ती मारणं सोयीचं. तरी मला ते खटकलं. का खटकलं हे कळायला पाऊस लागावा लागला.

आधी त्या कप्प्यातल्या दिवसांबद्दल सांगते. गोव्यात पेडणे तालुक्यात सड्याच्या कडेला घर, लहानपण गुरांमागे गेलेलं, तरी गवत इतक्या जवळून मी कधी पाहिलं नव्हतं. कुसळीचं बी तुम्ही निरखून पाहिलं नसेल, पण ते तुमच्या मोज्याला, साडीच्या काठाला, लेंग्याच्या पायाला कधीतरी टोचलेलं असणार. टोकाला सुई, सुईवर तपकिरी लव, आणि मागे बोटभर लांब, पीळ बसलेलं काळं शेपूट. डिशमध्ये मावत नाहीत म्हणून भाची ती शेपटं कात्रीने छाटायची. छाटलेलं एक शेपूट ओट्यावरच्या पाण्यात पडलं आणि आपलं आपण गरगर फिरायला लागलं. ओल लागली की पीळ सुटतो, सुकलं की परत बसतो. सड्यावर पडलेलं बी या फिरण्यानेच फटीत शिरतं आणि सुईवरचे केस उलटे असल्यामुळे मागे सरकत नाही. पावसाआधीच्या दमट रात्री आणि कोरड्या दुपारी एवढ्या भांडवलावर, ना बैल ना नांगर, हे बी स्वतःची पेरणी उरकून बसलेलं असतं.

टिपकागदावर ठेवलेलं बी आधी नुसतं फुगतं. आतला भ्रूण जागा होऊन संप्रेरक सोडतो, सालीलगतच्या थरातून विकर स्रवतं, साठवलेल्या पिठाची साखर व्हायला लागते. यातलं काही बाहेरून कळत नाही. दिसतो तो बुडाशी आलेला पांढरा फुगवटा. ते मुळावरचं वेष्टण. त्याच्यावर लगेच इतकी बारीक लव धरते की पहिल्यांदा पाहणारा बुरशी लागली म्हणून डिश फेकून देईल. मग वेष्टण फाडून मूळ बाहेर पडतं, जवळजवळ पारदर्शक, टोकाशी किंचित पिवळसर. दुसऱ्या अंगाने कोंब येतो, तोही उघडा येत नाही. त्याच्यावर टोकदार म्यान असतं आणि खरं पान आत गुंडाळलेलं. माती फोडायचं काम म्यानाचं. उजेड लागला की ते वाढायचं थांबतं आणि पान त्याचं टोक चिरून बाहेर येतं. चार्ल्स आणि फ्रान्सिस या डार्विन बापलेकांचे १८८० साली प्रसिद्ध झालेले प्रयोग कॅनरी गवताच्या याच म्यानावरचे आहेत. टोकावर टोपी घातली की कोंब उजेडाकडे वळत नाही. टोक उघडं ठेवून खालचा भाग झाकला तर वळतो. उजेड टोकाला कळतो आणि वाकतं बूड. आपल्याकडे नवरात्रात घटाखाली पेरलेलं धान अंधाऱ्या देवघरात पिवळं, लांबच लांब वाढतं आणि घरातली मोठी माणसं त्याच्या उंचीवर खूश होतात. ते बिचारं उजेड शोधत असतं. बियातली शिदोरी सगळी लांबीवर उधळून.

पहिले काही दिवस मूळ कोंबाच्या कितीतरी पुढे असतं. 'मूळ २४, कोंब ५' अशा नोंदींनी भाचीच्या वहीचं पान भरलेलं. एका संध्याकाळी तिने गंमत म्हणून डिश कडेवर उभी करून ठेवली आणि सकाळी मला हाक मारली. एकूण एक मूळ काटकोनात खाली वळलं होतं. मुळाच्या टोपीत पिठाचे जड कण असतात, ते पेशीच्या तळाशी जाऊन बसतात, आणि ते कुठल्या बाजूला बसले यावरून मुळाला खाली कुठे ते कळतं. चिमटा, फूटपट्टी, भिंग, माझ्या चहाच्या कपाखालची बशी, सगळं घेऊन ती पोर डोळे ताणून बसलेली असायची. मी मागे उभी राहून फोडणी करपवायची.

आमच्याकडे पूर्वी गुरांमागे एक म्हातारे होते. सगळा वाडा त्यांना आजो म्हणायचा. मृगाचा पाऊस होऊन सडा हिरवा दिसायला लागला की आम्हा पोरांना गुरं वर न्यायची घाई, कारण महिनोन्महिने गोठ्यात सुकं करड टाकून जीव विटलेला. गुरंही वाऱ्याला नाक लावून हंबरत असायची. आजो आधी एकटे वर जायचे, आणि आम्ही त्यांच्या मागून लपतछपत. कुठेतरी उकिडवे बसून ते गवताचं एक पातं चिमटीत धरायचे आणि हळू, सरळ वर ओढायचे. अख्खं रोप हातात आलं की ते आमच्यासमोर धरायचे. खाली एकच पांढरा धागा, आणि त्याच्या वरच्या टोकाला रिकामं झालेलं बियाचं फोल. "मूळ धरूंक ना अजून. गोरवां हाडूं नाकात हांगा." आम्ही हिरमुसून खाली. काही दिवस गेले की परत तोच प्रकार. ज्या दिवशी पातं मधेच तुटायचं आणि रोप जमिनीत राहायचं, त्या दिवशी गुरं सड्यावर.

त्या चिमटीत किती शास्त्र होतं ते भाचीच्या पुस्तकांतून आत्ता कळतंय. गवताला मुळं दोनदा फुटतात. पहिलं मूळ बियातून येतं, टिपकागदावर दिसतं ते. दुसरी मुळं खोडाच्या बुडाच्या पेरांतून येतात, जमिनीच्या अगदी वरच्या थरात, रोपाला दोन-तीन पानं झाल्यानंतर. ही जाड असतात, पांढरीशुभ्र, आणि चहूबाजूंनी निघतात. फुटवे, तुरे, पुढचं सगळं यांच्या जिवावर. गाय गवत कापत नाही, जिभेने गुंडाळून हिसडा देते. दुसरी मुळं आली असतील तर तिच्या तोंडात पातं येतं, रोप परत फुटतं. आली नसतील तर मुळासकट रोप येतं आणि दातांत माती. १९३७ साली आयोवात हॉवर्ड डिटमर यांनी पेटीत चार महिने वाढवलेलं राय धान्याचं एक रोप धुऊन त्याची मुळं मोजली, तर सगळ्यांची मिळून लांबी सहाशे किलोमीटरच्या वर भरली. हा आकडा ऐकून माणूस आ वासतो, मीही वासला. पण मला त्या सहाशे किलोमीटरपेक्षा तो एकटा पांढरा धागा जास्त छळतो. एवढा पसारा उभा राहायच्या आधी सगळं त्या धाग्यावर टांगलेलं असतं.

भाचीच्या वहीत या मधल्या काळाला रकाना नव्हता.

अमेरिकेत तो मांडून पाहिलेला आहे. कोलोरॅडोच्या बाजूच्या कोरड्या मैदानांवर ब्लू ग्रामा नावाचं आखूड गवत असतं. तिथल्या चराऊ रानांचा मोठा आधार. १९३० च्या दशकात धुळीची वादळं उठली, माणसं शेतं टाकून गेली, आणि त्या टाकलेल्या शेतांवर हे गवत परतायला कित्येक दशकं लागली. मुद्दाम बी पेरून पाहिलं तर उगवायचं छान, रान हिरवं दिसायचं, आणि काही आठवड्यांत सगळं सुकून जायचं. १९७१ साली हायडर नावाच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यामागचं कारण रोपाच्या बांध्यातच दाखवलं. या गवताला बियातून फुटणारं मूळ एकच. बी आणि रोपाचं बूड यांच्यामधला बारीक दांडा, त्याला मेसोकोटाइल म्हणतात, अंधारात लांबत जातो आणि बुडाला पार जमिनीच्या वरच्या पापुद्र्याशी नेऊन ठेवतो. दुसरी मुळं फुटायची ती तिथून. आणि उन्हाने सगळ्यांत आधी सुकतो तो नेमका तोच पापुद्रा. कोरड्या मातीत मूळ शिरत नाही. नुसता फुगवटा येतो आणि तिथेच वाळतो. त्या नेमक्या वयात दोन-तीन दिवस सलग वरची माती ओली राहिली तर रोप वाचतं. नाही राहिली तर खाली ओल असूनही मरतं, कारण एक धागा आणि एक बारीक दांडा यांतून पाणी चढून चढून किती चढणार? पानं तर वाढत चाललेली. प्रत्येक नव्या पानागणिक तहान वाढते. म्हणजे रोप दिसायला जितकं तरारतं तितकं ते अडचणीत येत असतं. हे मी भाचीकडून दोनदा समजावून घेतलं, कारण हिरवं वाढतंय म्हणजे बरं चाललंय हा हिशेब माझ्या हाडात बसलेला आहे. तुमच्याही असेल.

भात करणाऱ्यांना यातलं पुष्कळ हाताने माहीत असतं. बाबा खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या शेतात, कोरगूट जातीचं भात करायचे. बी रात्रभर भिजवून पोत्यात भरायचं, वर पेंढा, त्यावर दगड. पडवीच्या कोपऱ्यात त्या पोत्याला एक आंबूस, उबदार वास सुटायचा, आणि आत हात घातला तर बाळाला ताप असावा तशी धग लागायची. मोड आले की बी चिखलात फेकायचं. पोत्यात हवा खेळती असते म्हणून तिथे मूळ आधी येतं. पाण्याखाली बुडून राहिलेलं भाताचं बी मात्र क्रम उलटा करतं: मूळ थोपवून धरतं आणि कोंबाचं म्यान भराभर लांबवतं, हवेला जाऊन टेकलं की मग मुळाचं बघू. पावसाने दगा दिला आणि खाचरात पाणी तुंबलं की बाबा वाकून चार रोपं उपटून बघायचे. "निखटे कोंब आयल्यात, मुळां नात," नुसते कोंब, मुळं नाहीत, असं पुटपुटत ते मानस, म्हणजे पाणी सोडायची झडप, उघडायला बांधावरून निघायचे, ओहोटीची वेळ साधून. हिरवे शेंडे पाण्यावर डोलत असायचे आणि आम्हाला वाटायचं किती छान आलंय.

सड्याचं तर याहून अवघड. जांभा दगड, आणि त्याच्या खळग्याखळग्यांत बोटा-दोन बोटांची माती. मेमध्ये दुपारी अनवाणी पाय ठेवून बघा. त्या तव्यावर मेच्या शेवटाला वळवाची एक जोरदार सर येते, दगडातून वाफ निघते, तो वास मी सांगत बसत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. चार-सहा दिवसांत खळग्यांच्या कडांना हिरवा पोपडा धरतो. लोक फोटो काढतात. मग आभाळ परत निवळतं. ऊन पहिल्यापेक्षा चिडलेलं, दगड परत तापतो, आणि त्या हिरव्याचे आधी शेंडे पिवळे पडतात, मग ते आडवं होतं, मग एके दिवशी पाहावं तर वाऱ्याने कुठच्या कुठे नेलेलं. याचे कोणी फोटो काढत नाही. आजो या सरीकडे बघून थुंकायचे. "पयलो पावस फटिंग."

आणि तरी मोसमी पाऊस बसला की सडा पुन्हा हिरवा होतो. जुनी थोंबं असतात त्यांचं ठीक, त्यांची मुळं खाली तयार असतात, ती बुडातून फुटतात. पण सड्यावरची पुष्कळशी गवतं वर्षायू आहेत, दर साल बियापासून सुरुवात. ग्लायफोक्लोआ ही त्यातली एक प्रजाती. भारताच्या द्वीपकल्पाबाहेर ती नाही, तिच्या बऱ्याच जाती अशा जांभ्याच्या सड्यांवरच आढळतात, आणि एका जातीच्या शास्त्रीय नावात तर गोवाच आहे. पहिल्या सरीला फसलेली रोपं मेली तर मग ही दुसरी कुठून आली? पहिल्या सरीला न उठलेल्या बियांतून. एकाच तुऱ्यातलं सगळं बी एका वेळी जागं होत नाही. कुसळीचं ताजं बी तर पेरूनही उगवत नाही. काही महिने कोरडं पडून राहिल्यावरच त्याची झोप मोडते, आणि तीही सगळ्यांची एकदम नाही. काही गवतांचं बी जागं व्हायला धुराची मदत होते. २००४ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी जळत्या काडीकचऱ्याच्या धुरातून बी जागवणारं रसायन वेगळं काढून दाखवलं. सडा पेटवणाऱ्यांना हे सांगू नका, त्यांना आयतं निमित्त मिळेल. वर्षानुवर्षं लावलेल्या वणव्यात काय काय जातं तो हिशेब वेगळा आहे.

इथे मला भाचीच्या टक्केवारीतली गोम दिसली. शंभरातली साठ उगवली की तिच्या तक्त्यात चाळीस वजा होतात. बियाणाच्या दुकानात ते बरोबरच, तिथे उगवेल त्याचेच पैसे द्यायचे. सड्यावर साठ पहिल्या सरीला उठली आणि गेली, तर गवत चालवायला मागे राहिलेली तीच चाळीस. तिला हे बोलून दाखवलं तर ती पेन्सिल चावत म्हणाली, "मावशी, व्हायव्हात हे मला विचारलं तर?" विचारणार नाहीत, मी म्हटलं.

बरं, पाऊस बसला म्हणजे सुटका, असंही नाही. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जुलैत सड्यावर घोटाभर पाणी उभं राहतं. कालपरवा पाण्यासाठी तडफडणारं मूळ आता हवेसाठी गुदमरतं. ज्यांना मुळांच्या आत हवेच्या पोकळ्या तयार करता येतात ती गवतं अशा पाण्यात टिकतात, बाकीची दगडाच्या उंचवट्यांवर सरकलेली दिसतात. मग ऑगस्टच्या उघडिपीत तुरे, सप्टेंबरात सडा जांभळट-तांबूस, आणि दिवाळीतल्या गोरवां पाडव्याला गुरांच्या गळ्यात पोळ्यांच्या माळा पडेपर्यंत सगळं पिवळं होऊन बी गळायला लागलेलं. एवढ्याशा अवधीत मुळं दोनदा काढायची, पानं काढायची, तुरा काढायचा. त्यातही दुसऱ्या मुळांसाठीची खिडकी फार अरुंद: वळवाची सर आणि बसलेला पाऊस यांच्यामधली ती बेभरवशाची उघडीप ओलांडली पाहिजे, आणि पाणी तुंबायच्या आधी पाय रोवले पाहिजेत. ब्लू ग्रामाला दोन ओले दिवस मिळत नाहीत म्हणून तो मरतो. आमच्या गवताची अडचण अशी की त्याला कोरडं आणि बुडालेलं यांच्या मधलं काहीतरी हवं, आणि ते सड्यावर फार थोडे दिवस असतं.

आमच्या घरावरून सड्याकडे जाताना डाव्या हाताला आता व्हिला झाले आहेत. बांधायच्या आधी जेसीबीने तिथला वरचा थर खरवडला, म्हणजे ती बोटा-दोन बोटांची माती आणि तिच्यात निजलेलं बी, सगळंच. मग डंपरने बाहेरची माती आली आणि टेंपोने लॉन आलं, गुंडाळ्या करून. सकाळी लाल होतं ते दुपारी हिरवं. या लॉनची गंमत म्हणजे ती आधी पानं घेऊन येते; मुळं नर्सरीत खालून कापलेली, चटईच्या जाडीएवढीच उरलेली, ती नव्या जागी परत फुटायची. तोवर दिवसातून दोनदा पाणी, टँकरचं. ही माझी चिडचिड आहे आणि ती मी लपवत नाही, पण तिथे काम करणाऱ्या माळ्याशी माझं बरं जमतं. झारखंडचा आहे. एकदा त्याला चटईचा कोपरा दोन बोटांनी धरून हळू वर उचलताना पाहिलं. अलगद उचलला गेला. "पकडा नहीं अभी, मौसी," तो म्हणाला आणि कोपरा पायाने दाबून बसवला. आजो जाऊन कित्येक वर्षं झाली. हा माणूस कुठून आला, त्याला ही चिमट कोणी शिकवली, विचारायचं राहूनच गेलं. त्याच्या गावाकडेही गुरं असतील.

कॉलेज उघडायच्या आधी भाचीने माझ्याकडे दह्याचे रिकामे डबे मागितले. तळाला भोकं पाडून तिने सड्यावरची चाळलेली माती भरली, उरलेलं बी पेरलं आणि डबे पडवीत पाऊस न लागेल असे मांडले. निम्म्या डब्यांना वरून झारीने पाणी, निम्म्यांना फक्त खालच्या ताटलीतून, म्हणजे खाली ओल आणि वर कोरडं. पहिले काही दिवस फरक ओळखू येईना. उलट ताटलीवाली रोपं जरा उंचच दिसायची. मग तिने एकेक उपटायला सुरुवात केली, आजोंच्याच पद्धतीने, मी दाखवलं तसं. झारीवाल्या डब्यातलं पातं तुटलं. माती धुऊन बघितली तर बुडाशी चार-पाच टणक पांढरी मुळं, मातीला घट्ट धरून. ताटलीवाल्यातलं रोप अख्खं हातात आलं. एकच धागा, लांबच लांब, अगदी डब्याच्या तळापर्यंत गेलेला, आणि बुडाच्या पेराशी भिंगातून दिसतील न दिसतील असे दोन तपकिरी फुगवटे. मुळं यायला निघाली होती. बाहेर कोरडं लागलं म्हणून तिथेच थांबून वाळली. राहिलेल्या ताटलीवाल्या डब्यांवर तिने वरून पाणी शिंपडलं, तर त्यातल्या काहींना नवी मुळं आली. काहींना नाही आली. सारख्याच वयाची, सारख्याच मातीतली रोपं, असं का, तिला सांगता येईना आणि मला तर नाहीच.

तिने हे तिच्या मार्गदर्शकांना दाखवलं. त्यांनी फोटो बारकाईने पाहिले, चांगलं आहे म्हणाले, आणि प्रोजेक्टच्या मुदतीत बसणार नाही हेही म्हणाले. तेही खरंच. टिपकागदाचं काम महिन्यात उरकतं. सड्यावर रोपांच्या मागे लागायचं तर अख्खा पावसाळा हवा, आणि एक पावसाळा पाहून काही सिद्ध होत नाही. ती मात्र हट्टाला पेटली आहे. येत्या मेमध्ये पहिल्या सरीच्या आधी सड्यावर दोऱ्या बांधून चौकोन आखायचे, कुठलं रोप कधी उगवलं, कधी मेलं, कोणाला दुसरी मुळं आली, सगळं लिहायचं. त्यासाठी यंदाचं बी हवं, ते दिवाळीनंतर मला गोळा करायला सांगितलं आहे, हातमोजे घालून. आणि परवानगी हवी. सड्याचा तो तुकडा आमच्या भाऊबंदांच्या सामायिक नावावर, एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्याच्या सातबाऱ्यावर, पोटखराब म्हणून नोंदलेला. वाटेकरी मुंबईपासून लिस्बनपर्यंत पसरलेले. चवथीला त्यातले बरेचसे मूळ घरी येतात, तेव्हा गणपतीवर फळापानांची माटोळी बांधून झाली की विषय काढीन. निम्मे म्हणतील गवत बघायला कसली परवानगी, खुशाल बघा. आणि निम्मे विचारतील, हे सगळं सरकारदरबारी नोंदलं गेलं तर उद्या प्लॉट विकायला अडचण तर येणार नाही ना.